पहिल्या गाठीची हळद

वसंता गेल्याची तार जानेफळला माझ्या हाती पडली, आणि मी खामगावला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... मुलांनो, तो माझा धाकटा भाऊ, तुमच्या बाबांचा मामा. तुम्ही परदेशात अग्निबाण उडताना पाहता, म्हणून त्याची ही गोष्ट तुम्हांला सांगायला हवी.

त्याचं कापसाचं जिन होतं, कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. ते दिवाळी ते होळी चाले. मग यंत्रं थांबत आणि तिथल्या बाया उन्हाळाभर काम शोधत हिंडत. हे त्याला फार सले. दक्षिणेत समुद्रकाठी अग्निबाण उडू लागले, तेव्हा त्याने ऐकलं की सरकीला चिकटून राहणाऱ्या बारीक लवेपासून त्यांचं इंधन करता येतं. तो धावतच माझ्याकडे आला.

"ताई, आपली सरकी आभायात जाऊन राह्यली! होळीनंतर सरकीची लव काढू, बायाईले बारा महिने काम भेटते. तू फक्त त्या इंधनाच्या कारखान्याले इंग्रजीत पत्र लिही."

"अन् त्यांनी नाही घेतली तर?"

"तुयं इंग्रजी कच्चं निघालं म्हणीन, दुसरं काय!"

पत्र मी लिहिलं. नमुन्याची छोटी गाठ तागाच्या कापडात शिवण्याआधी, हंगामातल्या कापसाच्या पहिल्या गाठीला लावतो तसं, लवेवर हळदकुंकूही मीच लावलं. महिन्याभराने कारखान्याचं उत्तर आलं: मालात पिवळी-तांबडी पूड सापडली, यापुढे पाठवू नये. घरात इंग्रजी वाचणारी मीच. मी वसंताला म्हटलं, "त्यांना दुसरं इंधन सापडलंय रे." तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "जाऊ दे, ताई," एवढंच म्हणाला.

त्यानंतर दर दिवाळीला त्याचा निरोप येई, ताई आल्याबिगर पहिली गाठ हलणार नाही. मी जाई, हळद लावी, आणि मनातल्या मनात त्याची माफी मागे. तोंडाने कधी मागितली नाही...

तेराव्याला त्याचा जुना मिस्त्री नामदेव माझ्याजवळ येऊन बसला. "ते नमुन्याची गाठ पत्राच्या आधीच वापस आली होती, ताई. मालकानं उसवून पाह्यली, अन् मले म्हणे, ताईले सांगशीन तर याद राख."

यंदा निरोप नामदेवने पाठवला. गाठीपुढे हळदकुंकवाचं ताट घेऊन मी नुसती उभी राहिले. सरकी वेचणारी सखूबाई म्हणाली, "काऊन थांबल्या, ताई? लावा ना." होळीनंतर ती पुन्हा काम शोधायला निघेल.

मी हळद लावली. मग त्याच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं. ती छोटी गाठ त्याने जपून ठेवली होती. पांढऱ्या लवेवर माझ्या बोटाएवढा पिवळा डाग अजून आहे.