सिग्नलला थांबणारा हवालदार

पोलिसाच्या गेममध्ये लाल सिग्नलला गाडी थांबवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पुढे चोर पळतोय, डोक्यावर सायरन वाजतोय आणि नागोराव हवालदार स्टेअरिंगवर दोन्ही हात ठेवून दिवा हिरवा व्हायची वाट बघत बसलेले. मागे उभे असलेले लोक कपाळाला हात लावायचे. "काका, गेम हाय तो, घुसवा की," कुणीतरी म्हणायचंच. हवालदार मान न वळवता उत्तर द्यायचे, "पळणारा पळतो. रस्ता कुठं पळून जात न्हाई."

उदगीरला आमचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. नवऱ्याला लातूरला नोकरी लागली, तेव्हा दुकानाला कुलूप लावण्यापेक्षा मी तिथे गेम पार्लर टाकलं. सासूबाईंनी अबोला धरला, गल्लीने नावं ठेवली. मी म्हटलं, बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार, आणि चार टीव्ही मांडले. त्यातल्या एकाला खरं वाटावं असं स्टेअरिंग होतं आणि खाली पायाशी ब्रेक नि ॲक्सिलेटर. हवालदार पहिल्यांदा आले ते मोबाईलचा चार्जर मागायला. स्टेअरिंग दिसलं आणि चार्जर विसरले.

"हे काय करून राहिले, माय?" त्यांनी मला विचारलं.

"पोलीस चोराच्या मागं लागलाय, काका."

ते बराच वेळ बघत राहिले. खेळत होता तो भुसार अडतीवरचा संतोष. त्याने दोन हातगाडे, एक खांब आणि तीन माणसं उडवली. "असा कामून चालवतो ह्यो?" हवालदार गंभीरपणे म्हणाले. "सस्पेंड करतील न्हवं."

दुसऱ्या दिवसापासून दुपारचं ते स्टेअरिंग त्यांचं झालं. मूळचे जळकोट तालुक्यातले. सगळी नोकरी नांदेड जिल्ह्यात पोलिसांची गाडी चालवण्यात गेलेली. बायको वारलेली, एकुलती लेक लातूरला दिलेली. पार्लरमध्येही ते इस्त्रीचा शर्ट घालून यायचे आणि बसण्याआधी खुर्ची पुढेमागे सरकवून, पाय ब्रेकवर नीट पोचतो का ते बघायचे. तोवर गेममध्ये चोर दोन चौक पुढे गेलेला असायचा.

गेम साधा होता. एक मोठं शहर, त्यात साध्या वेशातला एक पोलीस. हवं तिकडे हिंडायचं, गाड्या हाणायच्या, गुंडांशी मारामारी करायची. मारामारीसाठी हातात रिमोट घ्यावा लागे. हवालदार एकच गुद्दा ठेवून द्यायचे आणि गुंड खाली पडला की रिमोट मांडीवर ठेवून मोकळे. संतोष ओरडायचा, "लाथ घाला, काका, त्याचे पॉईंट भेटतात." तर हे म्हणायचे, "पडलेल्याला हात लावायचा न्हाई. पंचनामा वाढतो." सगळे हसायचे. मीही हसायचे. मला वाटायचं, म्हातारा मोठा गमत्या आहे.

एका पाठलागाच्या वेळी मात्र ते थट्टा करत नसत. भर बाजारातून लाल गाडीत एक दरोडेखोर पळतो, त्याला पूल यायच्या आत गाठायचं. गेममधल्या पोलिसाच्या कानात, टीव्हीवर सगळ्यांना ऐकू येईल असा, वरिष्ठ अधिकाऱ्याचा आवाज सारखा दटावत असतो, थांबू नको, पुढे चल. बाकीच्यांनी हा टप्पा पहिल्या फटक्यात पार केला होता. लोकांना उडवत गेलं की तो सोपाच होता आणि उडवलेल्यांची गेममध्ये कुणी विचारपूस करत नसे. हवालदार मात्र प्रत्येकाला चुकवत जायचे. कुणाला नुसता धक्का लागला तरी गाडी थांबवायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला दिसायचा. एवढं काय आहे यात, असं मला वाटायचं, आणि विचारायचा धीरही व्हायचा नाही.

मग एका दुपारी लाईट गेली. पार्लर रिकामं झालं, हवालदार मात्र काळ्या पडलेल्या टीव्हीसमोर बसून राहिले. मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातातच धरून ठेवला आणि आपण होऊन बोलायला लागले.

"आमच्यात एक रीत होती, माय. ड्रायव्हरनं कान साहेबाला द्यायचे अन् डोळे रस्त्याला. तोंड कुणालाच न्हाई. असाच बाजाराचा दिस होता. पुढं दरोड्यातला माणूस मोटरसायकलवर, बाजूला साहेब बसलेले. एक बाई टोपलं घेऊन आडवी आली. माझा पाय ब्रेकवर गेला होता. गेला होता, बरं का. साहेब म्हणले, थांबू नको, चल."

बाहेर कुणाचा तरी जनरेटर सुरू झाला.

"म्या पाय काढला."

मला पुढचं ऐकायचं नव्हतं. तरी विचारलं, "आणि ती बाई?"

"दवाखान्यापस्तोर पोचली न्हाई. माणूस सापडला. साहेबाला शाबासकी, मला बी. अपघात म्हणून लिवलं. गाडीला ब्रेक असतो, माय, हुकमाला नसतो."

गाव कोणतं ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. मग तो तांब्या तसाच खाली ठेवत म्हणाले, "तवापासून एकच गोष्ट डोस्क्यात हाय. चोर बी धरायचा अन् कुणाला लागू बी द्यायचं न्हाई, दोन्ही होतंय का? होत असलं, तर ती बाई म्या मारली. होतच नसलं, तर जरा झोप तरी लागंल."

त्या दिवसापासून मला तो टप्पा बघवेना. ते जिंकले तर काय होईल, याचीच मला जास्त भीती वाटायला लागली. दोन-तीनदा मी स्टेअरिंग बिघडलंय म्हणून सांगितलं. त्यांनी खाली वाकून वायर बघितली, मी काढून ठेवलेली पिन परत बसवली आणि खुर्ची पुढे ओढली.

पुढे त्यांना चक्कर यायला लागली, तेव्हा लेकीने लातूरला न्यायचं ठरवलं. निघायच्या आदल्या दिवशी ते नेहमीच्या वेळी आले. खुर्ची सरकवली, पाय ब्रेकवर टेकवून बघितला. संतोष मागे उभा होता. त्याला यातलं काही माहीत नव्हतं. मी गल्ल्यावरून उठले आणि मलाही कळायच्या आत त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

त्या दिवशी हात कसा चालला ते सांगता येत नाही. हातगाड्यांच्या मधून, माणसांच्या कडेने, कुणालाही न शिवता ते निघाले. लाल गाडी जवळ येत गेली. सिग्नलही त्यांनी हिरवेच गाठले. कानातला अधिकारी ओरडत होता. पूल दिसायला लागला. पुलाच्या अलीकडे लाल गाडी एका ट्रकमागे अडकली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती त्यांच्या हाताशी आली होती. आता फक्त पुढे जायचं होतं.

"आता सोडू नका, काका," संतोष म्हणाला. "चला, चला."

आणि डावीकडून एक बाई रस्त्यात आली. हातात पिशवी, मान खाली. गेममध्ये अशा कितीतरी बाया येतात, कुठूनही येतात. मी खुर्चीची पाठ घट्ट धरली. कानातला आवाज, संतोषचा आवाज, सायरन, सगळं एकदमच चाललं होतं. हवालदारांचा पाय मला वरून दिसत होता. तो ब्रेकवर गेला आणि तिथेच राहिला. पायाच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

गाडी थांबली. ट्रक हलला, लाल गाडी पूल ओलांडून गेली, पडद्यावर हरल्याची अक्षरं आली.

"गेलं की हो, काका," संतोष हळहळला. "थांबलाव कामून? हातात होता."

हवालदारांनी त्याच्याकडे बघितलंच नाही. मान वर करून मला विचारलं, "ती गेली का पल्याड, माय? मला नीट दिसलं न्हाई."

"हाव, काका," मी म्हटलं. माझ्या तोंडून त्यांचीच भाषा आली. "गेली."

"बराबर बगितलंस?"

"बराबर बघितलं."

मग त्यांनी ब्रेकवरचा पाय काढला. ते उठले, खुर्ची पुन्हा जागेवर सरकवली. दारात चप्पल घालताना एवढंच म्हणाले, "पाय राहिला बरं का, माय."

थंडी संपता संपता लातूरहून त्यांच्या लेकीचा फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. शेवटी शेवटी झोप चांगली लागायची, असंही म्हणाली. फोन ठेवल्यावर मला रडू आवरलं नाही, गिऱ्हाईक समोर असताना.

त्यांच्या नावाने सेव्ह झालेला गेम अजून त्या मशीनमध्ये आहे, पुलाच्या टप्प्यावर थांबलेला. एवढा एकच टप्पा काकांच्या नावावर पार करून टाकतो, असं संतोष दोनदा म्हणाला. त्याला मी दुसऱ्या टीव्हीसमोर बसवलं.