दाजींचं न उडालेलं इंजिन

दाजी कुणाच्याही घरी गेले की आधी मिक्सर लावायला सांगत. चहा नंतर. घरातली बाई गोंधळून रिकामं भांडं बसवायची, बटण फिरवायची, आणि दाजी डोळे मिटून, मान जराशी कलती करून ऐकत उभे राहायचे. मग म्हणायचे, "बेअरिंग जायला लागलंय हो वहिनी. आषाढापर्यंत काढील." त्यामुळं आमच्या नात्यागोत्यात दाजी येणार म्हटलं की बायका मिक्सर माळ्यावर टाकायच्या. माझ्या बायकोनं एकदा "मिक्सर शेजारी दिलाय" म्हणून सांगितलं, तर दाजी शेजारी गेले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. फुलंब्रीच्या पलीकडच्या एका खेड्यातले, मेंढपाळाच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे आणि मुलगा शाळेत पहिला यायचा. शिकत शिकत तो बंगलोरला एका सरकारी प्रयोगशाळेत पोचला आणि तिथं लढाऊ विमानाचं इंजिन करायला लागला. मी मुकुंदवाडीत बोअरच्या मोटारी विकतो. आमच्या घराण्यात इंजिनातले दोन तज्ज्ञ आहेत, असं मी लग्नाकार्यात सांगायचो. लोक हसायचे. दाजी हसायचे नाहीत. म्हणायचे, "खरंय की. ह्यांची चालते तरी."

देश तेव्हा स्वतःचं हलकं लढाऊ विमान करत होता. विमान आणि त्याचं इंजिन, दोन्ही कामं जोडीनं काढलेली. त्यात विमान आधी झालं आणि इंजिन मागं राहिलं. म्हणजे पोटात जागा ठेवलेलं विमान तयार, आणि त्या जागेत बसायचं इंजिन अजून चाचणीच्या खोलीत धडधडतंय. दाजी सुट्टीवर आले तेव्हा त्यांच्या आईनं हे ऐकलं. म्हातारी ज्वारी पाखडत होती. सूप न थांबवता म्हणाली, "लेकराच्या आधी टोपडं शिवलं व्हय रं तुम्ही? तिथं कुणी बाईमाणूस नाय का सांगायला?" आमच्याकडं बाळंतपणाआधी बाळाचं काही शिवत नाहीत, अपशकुन मानतात. दाजींनी हे वाक्य बंगलोरला नेलं. मोठ्या बैठकीत ते इंग्रजीत करून सांगायचे म्हणे, आणि कुणालाच कळायचं नाही.

टोपडं रिकामं ठेवता येईना, म्हणून परदेशातून तयार इंजिन आणून चाचणीच्या विमानांत बसवलं. तात्पुरतं. हा शब्द दाजींच्या तोंडात इतका बसला की अक्कानं घेतलेल्या सोफ्यालाही ते तात्पुरता म्हणायला लागले. सोफा अजून आहे.

मग विमानं हवाई दलाच्या खरोखरीच्या ताफ्यासाठी करायची वेळ आली आणि कोणतं इंजिन घ्यायचं ते ठरवायला समिती बसली. पर्याय तीन. दाजींनी ते मला त्यांच्या पुंडलिकनगरच्या घराच्या गच्चीवर समजावून सांगितले, मी गिऱ्हाइकाला सांगतो तसे. एक, चाचणीत बसवलेलं तेच परदेशी. सरळ बसतं, पण जोर बेताचा. दुसरं, दुसऱ्या देशाचं. जोर दांडगा, पण अंगानं रुंद. विमानाचं पोट उसवून पुन्हा शिवावं लागणार. तिसरं, दाजींचं. त्याचा जोर लागतो त्याहून कमी भरत होता आणि वजन लागतं त्याहून जास्त. पंचवीसेक वर्षं त्यांनी त्या इंजिनात घातली होती, आणि त्यांचं मागणं एवढंच होतं की त्यानं त्या विमानात बसून एकदा उडावं. आता तुलनेची टिपणी लिहायचं काम समितीनं त्यांच्याकडंच दिलं होतं.

मी म्हणालो, "मग काय दाजी, पेन तुमच्याच हातात आहे. टाका लिहून आपलं."

"मेव्हणे, तुमची मोटार बंद पडली तर काय होतं?"

"गिऱ्हाईक शिव्या देतं."

"बास? ह्या विमानाला एकच इंजिन आहे. ते बंद पडलं की आतल्या पोराकडं नुसती खुर्ची उरती."

"पण तुमचं कुठं बंद पडतंय?"

"पडत नाय. पडणार नाय, असं लिहायला पाहिजे. ते मला अजून लिहिता येत नाय."

त्यांनी दोन वाक्यं लिहिली. पहिलं, आत्ता तेच परदेशी इंजिन घ्यावं. दुसरं, मधल्या काळात आपल्या इंजिनाचं काम नेटानं चालू ठेवावं आणि पुढच्या तुकडीतल्या विमानांत ते बसवावं. पहिलं वाक्य मंजूर झालं. दुसरं फायलीत राहिलं. ज्यांच्यासोबत दाजी इतकी वर्षं डबा खात होते ते सहकारी दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायला लागले. एकानं तर त्यांना घरभेदी म्हटलं. हे मला अक्काकडून कळलं. दाजी एवढंच म्हणाले होते की, "त्याच्या जागी मी असतो तर मी पण टेबल बदललं असतं."

निवृत्त होऊन ते पुंडलिकनगरला राहायला आले आणि दुपारचे माझ्या दुकानात बसू लागले. मला वाटलं, शास्त्रज्ञ माणूस दुकानात बसला म्हणजे गिऱ्हाइकांवर छाप पडेल. छाप पडली. गिऱ्हाईक पाच एचपीची मोटार मागायचं, मी बिल काढायला घ्यायचो, आणि कोपऱ्यातून आवाज यायचा, "पाणी किती खोल हाय मामा? पाइप किती इंची?" मामा सांगायचे. दाजी डोळे मिटून हिशेब करायचे आणि म्हणायचे, "तीनची लई झाली तुम्हाला." माझ्याकडं तीनची शिल्लक नसायची. मामा दाजींना राम राम घालून शेजारच्या दुकानात जायचे.

"मेव्हणे, दुकानात पडलंय ते विकू नका. बोअरला लागतं ते विका."

"आणि दुकानाचं भाडं, दाजी? ते बोअर देणार का?"

"अडचण तात्पुरती असती ती."

ते वाट बघत होते, हे मला उशिरा उमगलं. पुढच्या तुकडीची. बंगलोरचा फोन आला की ते उठून रस्त्यावर जायचे, तिथल्या रिक्षांच्या गोंगाटात एका कानावर हात ठेवून बोलायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "लग्नाचं आवतन होतं." किंवा, "अमका गेला." एका दुपारी पेपरात आलं की पुढची तुकडीही मंजूर झाली, इंजिन परदेशीच. दाजींनी बातमी दोनदा वाचली. पेपर होता तसा घडी करून माझ्या गल्ल्यावर ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाइकाला त्याच्या बोअरची खोली विचारली.

त्यानंतर काही काळानं उलटंच घडलं. परदेशी इंजिनं वेळेवर येईनात. टीव्हीवर दाखवू लागले की विमानांचे सांगाडे तयार आहेत आणि पोटं रिकामी. मी हुरळलो. मला हुरळायला फार लागत नाही. तसाच स्कूटर काढून पुंडलिकनगरला गेलो.

"दाजी, आता तुमचंच बसवावं लागणार बघा. आलं का नाही फिरून?"

दाजी त्या तात्पुरत्या सोफ्यावर बसले होते. म्हणाले, "त्यांना उशीर झाला म्हणून आपला जोर वाढत नसतो, मेव्हणे."

"पण आता काम जोरात सुरू करतील की."

"कोण? ती पोरं कवाच दुसऱ्या कामाला लावली. चाचणीच्या खोलीत आता दुसरं काहीतरी चालतंय."

मला थांबता येत नाही, हा माझा जुना दुर्गुण. मी विचारलं, "मग तुम्ही तेव्हा लिहिलं, ते चुकलं का?"

आत अक्का भांडी लावत होती, ती थांबली. मग दाजी म्हणाले, "चुकलं असतं तर बरं झालं असतं. कुणीतरी दुरुस्त केलं असतं."

दाजी गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजला प्रयोगशाळेनं त्यांचं एक जुनं चाचणीचं इंजिन मुलांना दाखवायला दिलं. आतलं दिसावं म्हणून ते लांबीत कापलेलं होतं. उद्घाटनाला दाजींना बोलावलं. अक्का, दाजी आणि मी माझ्या गाडीनं गेलो. हॉलच्या मधोमध ते लोखंडी चौकटीवर ठेवलं होतं. गार भागातली पाती निळी रंगवलेली, तापणाऱ्या भागातली लाल. दाजींनी खिशातून रुमाल काढून हात पुसले आणि मग कापलेल्या कडेवरून बोट फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. म्हणाले, "कापलंय चांगलं. कुठं ओरखडा नाय."

खाली पितळी पाटी होती. 'हलक्या लढाऊ विमानात वापरलेले स्वदेशी इंजिन.' दाजींनी चष्मा वर करून ती वाचली.

"सर, वापरलेलं नाही. तेवढं काढा."

प्राचार्य भले गृहस्थ होते. म्हणाले, "राहू द्या ना साहेब. इथं कोण विचारायला येणार आहे? मुलांनाही बरं वाटतं. आणि तुमचंच तर आहे."

मी दाजींच्या तोंडाकडं बघत होतो. त्यांचं इंजिन, पाटीवर का होईना, अखेर त्या विमानात बसत होतं. आत कुणी पोरगा नव्हता, कुणाच्या जिवाला धोका नव्हता. त्यांनी फक्त गप्प राहायचं होतं, आणि मनातल्या मनात मी त्यांना तेच विनवत होतो.

"नाही," दाजी म्हणाले. "मुलं हे वाचून शिकणार. काढा."

पाटी काही लगेच बदलता येणार नव्हती. शिपायानं कागदाची पांढरी पट्टी चिकटवली आणि दाजींनी तिच्यावर स्केचपेननं, सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: 'विमानासाठी तयार केलेले. उडालेले नाही.' मग फीत कापली. टाळ्या झाल्या. नारळाची बर्फी आणि चहा झाला.

परतताना मुकुंदवाडीच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून दाजी म्हणाले, "टिपणीत आणि पट्टीवर, दोन्ही खेपेला मीच लिहिलं."

अक्का त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर खोटं लिहिलं असतं."

"व्हय," दाजी म्हणाले. "पण उडालं असतं."