सप्ताहाचं प्रक्षेपण आणि विठूकाकांची पाळी

आमचे दत्तप्रसाद जेवणाच्या ताटावरही व्हिडिओच्या फॉरमॅटविषयी बोलतात, हे लग्नाआधी कोणी सांगितलं असतं तर मी दहादा विचार केला असता. लाटंबार्शाच्या देवळातल्या भजनी सप्ताहाचं थेट प्रक्षेपण यंदा यांच्याकडे. महिनाभर माझं डोकं खाल्लं. म्हणे, भाड्याचा सर्व्हर एकाच चित्राच्या लहान, मध्यम, मोठ्या अशा आवृत्त्या करतो आणि बघणाऱ्याच्या इंटरनेटला झेपेल ती त्याला मिळते. "जहाजार ल्हानच पावतली गो सुविधा," हे मला समजावत.

जहाजावर म्हणजे देवळातले जुने भजनी विठूकाका, त्यांचा तिथे नोकरीला असलेला प्रवीण. आईवेगळा पोर, बापाचं भजन ऐकतच वाढला. यंदा माझी भजनाची पाळी त्यानं बघावी, एवढंच म्हाताऱ्याचं मागणं होतं.

पण समितीचे रामचंद्रकाका अडून बसले. "देवाक पुसट कित्याक दाखयतंस रे? सगळ्यांक मोठां, चकचकीतच दिसाक जाय!" आणि आमचा भोळा सांब मान डोलावून परत आला. ठेवली एकच मोठी आवृत्ती. मी कपाळावर हात मारला.

व्हायचं तेच झालं. पुण्या-मुंबईला चित्र झकास, प्रवीणच्या पडद्यावर नुसतं गरगरणारं चक्र. दुरुस्ती साधी होती, पण त्यासाठी प्रक्षेपण थांबवून पुन्हा सुरू करावं लागणार होतं. रामचंद्रकाका ओरडलेच, "सप्ताह खंडित जाता नये! समाप्तीमेरेन कायच बंद करुचां न्हय!" अहो, समाप्तीपर्यंत भजन खंडित होऊ नये, कॅमेरा नव्हे! पण सांगणार कोण? देवापुढे वाद नको म्हणून हे गप्प, आणि तिकडे विठूकाका टाळ घेऊन उभेसुद्धा राहिले.

शेवटी मीच यांच्या खिशातला फोन काढून हातात कोंबला. "चित्र मरूं दी, आवाज तरी धाडा!" तेव्हा कुठे डोकं चाललं. खांबाआड बसून यांनी नुसत्या आवाजाचं दुसरं, अगदी हलकं प्रक्षेपण लावलं. ते जहाजावर पोचलं.

भजन रंगलं. समोर बसलेले आम्ही आणि चकचकीत चित्रवाले, सगळेच वा वा करत होतो. काकांनी टाळ खाली ठेवले आणि पहिलं विचारलं, "प्रवीणान ऐकलां?"

त्याचा निरोप आलाच होता. यांनी तो वाचला आणि फोन माझ्याकडे दिला.

"बाबांक दर ओळीक दम लागता. तुमी सगळे थंय आसात, कोणाच्याच ध्यानांत येवंक ना? आजच दवाखान्यांत दोतोराकडे व्हरात."