मामांनी पकडलेला तारा

माझ्या मामेसासऱ्यांच्या नजरेतून उभ्या सोलापुरात आजवर एकही चूक सुटलेली नाही, आणि म्हणूनच त्यांना लग्नाला बोलवायचं की नाही यावर नातेवाइकांत दर वेळी बैठक बसते. जन्मभर त्यांनी चादरीच्या कारखान्यात तयार माल तपासला. चादर समोरून सरकायची आणि चुकलेल्या धाग्यावर मामांचं बोट आपोआप जायचं. ते बोट बाहेरही स्वस्थ बसत नसे. पाहुण्याची लुंगी, हॉटेलातला पडदा, सत्कारात खांद्यावर पडलेली शाल, सगळं ते उलटं करून बघत. माझ्या लग्नात तर मंगलाष्टकं चालू असताना ते पुढे आले आणि अंतरपाट चिमटीत धरून म्हणाले, "थांबा वो भटजी, हितं एक धागा सुटलाय." दुसरा अंतरपाट येईपर्यंत मी हार धरून उभा होतो.

मग कारखान्यात तपासणीला कॅमेरा आला. "मामा, आता डोळ्यांना विश्रांती द्या," म्हणत मालकांनी त्यांना नारळ दिला. मामा खचले. शेंगाचटणीला नावं ठेवणंसुद्धा त्यांनी सोडलं, तेव्हा मी घाबरलो आणि त्यांना एक संकेतस्थळ दाखवलं. लांब कुठंतरी एखादा प्रचंड तारा मरतो, तेव्हा काही क्षण गॅमा किरणांचा स्फोट होतो. डोळ्यांना तो दिसत नाही; अवकाशातली दुर्बीण तो टिपते आणि त्याचा आलेख निघतो. खरा स्फोट कुठला आणि यंत्राची खोडी कुठली, हे ओळखायला शास्त्रज्ञ साध्या माणसांचीही मदत घेतात. मामा भर दुपारी भिंग घेऊन बसू लागले. शेजारी विचारत, "तारं दिवसा कुटं दिसत्यात?" मामा म्हणत, "तुमाला रातीबी न्हाय दिसायचं."

एका आलेखावर संगणकाने 'यंत्राचा बिघाड' असा शेरा मारला होता. मामांचं बोट तिथं थांबलं. "बिघाड न्हाय ह्यो. बिघाड एकदम येतो, एकदम जातो. हे बगा, चढलंय घाईनं, उतरलंय सावकाश. लिवा त्यास्नी." मी इंग्रजीत लिहून पाठवलं. उत्तराची वाट बघताना ते एकदाच बोलले, "जावईबापू, हे चुकलं, तर मालकांचंच खरं म्हनायचं."

आणि उत्तर आलं! दुसऱ्या एका उपग्रहानेही नेमक्या त्याच क्षणी तोच स्फोट टिपला होता. संगणक चुकला होता, मामा बरोबर होते! मी मराठीत वाचून दाखवायचा अवकाश, मामा बनियनवरच रस्त्यावर धावले. गल्लीभर पेढे वाटले, पत्राची प्रत कारखान्याच्या फाटकावर स्वतः चिकटवली आणि येताना मालकांच्याही हातावर पेढा ठेवून आले.

संध्याकाळी जरा शांत झाल्यावर त्यांनी विचारलं, "तो तारा गेला कवा?"

"अब्जावधी वर्षांपूर्वी, मामा. उजेड आत्ता पोचला."

"उशिरा का हुईना," ते म्हणाले, "कुनीतरी बगितलं की त्याच्याकडं."

मग चष्मा काढून ते बराच वेळ पुसत राहिले. मला भरून आलं. मी पटकन तोंड फिरवलं, पण तेही त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.