टाकानिनीच्या गॅरेजमधलं जेरुसलेम

नाटक बसवायला घेतलं की नाटक राहतं बाजूला आणि किस्सेच जास्त तयार होतात. आमच्या ग्रुपमध्ये कोणी नुसतं "ए, ते पोलिसाचं सांग ना" म्हटलं, की पुढचा अर्धा तास चहा गार! आणि या वर्षी आम्ही बसवत होतो काय, तर धर्मयुद्धं. म्हणजे आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले ख्रिश्चन राजे जेरुसलेम घ्यायला निघाले आणि मुसलमान सुलतानांशी पिढ्यान् पिढ्या भांडत बसले, ती. तीही विनोदी, तीही मराठीत, आणि तीही ऑकलंडला, टाकानिनीच्या एका डबल गॅरेजमध्ये.

लिहिणारा आणि बसवणारा तेजस. दिवसा सॉफ्टवेअर टेस्ट करतो, पण मूळचा पुण्याचा एकांकिकावाला. इथे आल्यापासून सहा वर्षांत स्टेजवर पाऊल नाही, त्यामुळे या नाटकात त्याचा जीव अडकलेला. मी प्रॉपर्टी सांभाळते. म्हणजे तलवारी, ढाली आणि तेजसचा मूड.

*

मंडळाचे अध्यक्ष परांजपे काका. पाडव्याच्या कार्यक्रमात कोणाला किती वेळ द्यायचा ते तेच ठरवतात. विषय ऐकून त्यांनी आधी पाणी मागितलं. मग म्हणाले, नाटक चांगलंच असेल रे, पण कोणाच्या भावना दुखावल्या तर निस्तरायचं मी.

आमच्यात सलीम आहे चिपळूणचा आणि डॉमनिक वसईचा. सलीमचे अब्बा आणि डॉमनिकची आई, म्हणजे रोझी मावशी, दोघंही तेव्हा इंडियाहून आलेले. काकांनी अट घातली: दोघांनी शेवटची तालीम बघायची. एकाने जरी आक्षेप घेतला, तरी नाटक रद्द आणि त्या वेळात अंताक्षरी.

तेजस दोन दिवस नीट जेवला नाही. अंताक्षरी!

*

कास्टिंगमध्ये तेजसने धर्म नाही, तोंडं बघितली. सलीम गोरा, घाऱ्या डोळ्यांचा, म्हणून तो झाला इंग्लंडचा राजा. डॉमनिकची दाढी छातीपर्यंत, म्हणून तो सुलतान.

दोघांनी भूमिका अशा काही अंगात घेतल्या की बास. एकदा सलीम संवाद विसरला तर डॉमनिकने त्याला प्रॉम्प्ट केलं, आणि वर म्हणाला, "शत्रू आहेस म्हणून सांगतोय, पाठ करून येत जा."

*

जेरुसलेमचा तट मी टौरंगाहून आणला. तिथे एक मित्र किवीफ्रूटच्या पॅकहाउसमध्ये आहे, त्याने गाडीभर खोकी दिली. सगळी राखाडी रंगवली, फक्त एक राहिलं, छापील इंग्रजी सूचनेसकट.

तालमीत राजा सलीम तीन वर्षांचा वेढा घालून थकलेला, तटासमोर गुडघे टेकतो, वर बघतो. तिथे त्याने आभाळाकडे हात करून "हे पवित्र नगरी!" म्हणायचं होतं. त्याची नजर नेमकी त्या खोक्यावर. पूर्ण गांभीर्याने म्हणाला, "थंड जागी ठेवावे."

तेजसने ते संहितेत घेतलं.

*

एका रविवारी गॅरेजचं दार बिघडलं म्हणून तालीम पार्कात घेतली. आठ माणसं, डोक्यावर सायकलची हेल्मेटं, हातात तलवारी. कोणीतरी फोन केला असणार, कारण पंधरा मिनिटांत पोलीस हजर. धिप्पाड माणूस. "किया ओरा" असा इथला माओरी नमस्कार केला आणि काय चाललंय विचारलं. तेजसने घाबरत घाबरत त्याला सगळी धर्मयुद्धं समजावून सांगितली.

पोलीस दहा मिनिटं हाताची घडी घालून बघत राहिला. आम्हाला वाटलं, गेलो आता. मग तो सुलतानाच्या सैन्याकडे बोट दाखवून म्हणाला, "तुमची डावी बाजू उघडी पडतेय. बाकी स्वीट ॲज." म्हणजे, झकास. आणि गेला.

डाव्या बाजूला मीच उभी होते, बदली सैनिक म्हणून. अजून लागलंय मला ते.

*

मग तो शुक्रवार. सलीमचा रोजा. डॉमनिकचे ईस्टरच्या आधीचे उपास. आणि माझी संकष्टी. तिन्ही एकाच दिवशी, आणि तालीम कसली, तर महायुद्धाची!

राजाने तलवार उपसली आणि ती टेकूनच उभा राहिला. सुलतान म्हणाला, मी बसून मेलो तर चालेल का? मी साबुदाण्याच्या विचारात पडदा ओढायचाच विसरले. आणि तेजस? तो कोपऱ्यात डेअरीतून, म्हणजे इथल्या नाक्यावरच्या दुकानातून, आणलेला गरमागरम मीट पाय खात ओरडत होता, "एनर्जी! एनर्जी कुठेय?"

सलीमने डॉमनिककडे बघितलं. डॉमनिकने माझ्याकडे. त्या संध्याकाळी सगळे धर्म एक झाले. तेजसच्या विरुद्ध.

*

हॉलच्या खऱ्या स्टेजवर पहिल्यांदा गेलो तो दिवस. दोन्ही सैन्यांनी हॉलच्या दोन टोकांकडून आरोळ्या ठोकत धावत येऊन स्टेजवर चढायचं आणि एकमेकांवर तुटून पडायचं. चार ख्रिश्चन, चार मुसलमान. तेजस म्हणाला, "अ‍ॅक्शन!"

काय धावले! कडेपर्यंत आले आणि आठही जण थांबले. जँडल्स, म्हणजे इथल्या स्लिपर, काढल्या. ओळीत लावल्या. वाकून स्टेजला हात लावला, कपाळाला लावला. आणि मग परत आरोळ्या.

तेजसने डोकं धरलं. "अरे, आक्रमण चाललंय!"

राजा म्हणाला, "मग? नमस्कार न करताच चढू?"

*

शेवटची तालीम, शनिवारी दुपारी, हॉलवरच. समोर तीन खुर्च्या: अब्बा, मधे परांजपे काका, पलीकडे रोझी मावशी. अब्बा रिटायर्ड गणिताचे मास्तर, चेहरा पेपर तपासल्यासारखा. मावशी पर्स मांडीवर घेऊन ताठ बसलेल्या. चाळीस मिनिटं दोघांपैकी कोणी हसलं नाही. "थंड जागी ठेवावे"लासुद्धा नाही! तेजस माझ्या शेजारी उभा राहून फॉइलची ढाल कुरतडत होता.

शेवटी तह होतो. जेरुसलेम सुलतानाकडेच राहतं, राजा पडलेल्या चेहऱ्याने घरी निघतो. दिवे लागले.

काकांनी विचारलं, काही आक्षेप?

अब्बा उठले. "आहे."

तेजस खालीच बसला.

"माझा सलीम एवढ्या लांबून आला," अब्बा म्हणाले, "घोड्यावरून तीनदा पडला, आणि जायचं रिकाम्या हातांनी? राजाला जेरुसलेम मिळालं पाहिजे."

काका चाचरत काहीतरी सांगायला गेले की सर, पण तुम्ही तर... तोवर मावशी उभ्या राहिल्या.

"मिळालं पाहिजे म्हणजे? माझ्या डॉमनिकने लढून राखलंय. एक वीट देणार नाही."

"अहो बाई, तुमच्या सुलतानाकडे एवढं वाळवंट आहे की."

"मग तुमच्या राजाकडे इंग्लंड नाही?"

काकांनी हात जोडले. एवढंच सांगा म्हणाले, नाटक करायचं की नाही?

"करायचंच," अब्बा म्हणाले. "पण आधी यांना जेरुसलेम सोडायला सांगा."

 मावशींनी आपली खुर्ची उचलली, जिना चढून स्टेजवर नेली आणि जेरुसलेमच्या तटाच्या दारात मांडून बसल्या.