उजव्या खिळ्यावरची पळी

मेसकाकांनी आयुष्यभर बेकन केलं आणि त्याची चव कशी असते हे त्यांना ठाऊक नव्हतं. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला कांदा-लसूणही वर्ज्य. तरीही झाशीच्या छावणीत आणि रेल्वे कॉलनीत ज्यांना रविवारच्या नाश्त्याला डुकराच्या मांसाच्या त्या खारवलेल्या पातळ पट्ट्या कुरकुरीत हव्या असत, ते सगळे निरोप त्यांच्याकडेच धाडायचे. काका बेकन कानानं करायचे. ही गोष्ट मी कित्येक वर्षं आल्यागेल्याला रंगवून सांगत आलोय. लोक हसतात, आणि मी तिथंच थांबतो. आज थांबणार नाही.

रेल्वेत कारकून म्हणून माझी पहिली नेमणूक झाशीला झाली तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. साताऱ्याहून आलेला, हिंदी बोलताना अडखळणारा. सीपरी बाजाराच्या मागे मेसकाकांचं बैठं घर होतं, त्यातली पुढची खोली मला मिळाली. पहिल्याच संध्याकाळी मी जेवायला बाहेर निघालो तशी काकूंनी दारातच अडवलं. "कुठं निघालास? इलाइट चौराह्यावर जाऊन पुरी-सब्जी गिळणार? ताट वाढलंय." त्या दिवसापासून माझं ताट तिथंच. काका मला 'बाबू' म्हणायचे. झाशीजवळच्या बबीना छावणीत, फौजेच्या ऑफिसर्स मेसमध्ये सव्वीस वर्षं आचारी होते आणि निवृत्त झाल्यावर गावी, फलटणला, परत गेले नाहीत. म्हणायचे, "तिकडं मला ओळखतं कोण? इथं कोथिंबीरवालीसुद्धा 'काए मेसवाले भैया' म्हणून हाक मारते."

माळ त्यांच्या आईची होती. अठराव्या वर्षी ते भरतीला निघाले तेव्हा आईनं स्वतःच्या गळ्यातली काढून त्यांच्या गळ्यात घातली होती. "तिकडं काय वाटेल ते शिजव, पण खाऊ नको," एवढंच सांगितलं होतं. पुढं गावच्या लोकांनी पुष्कळ टोमणे मारले, की माळकरी असून डुकराला हात लावतो. काकांचं उत्तर ठरलेलं. "शिंपी झंपर शिवतो. घालून हिंडतो का?"

घरी त्यांनी तवा कधीच वापरला नाही. बदली होऊन जाणाऱ्या एका मेजरसाहेबांनी दिलेला पत्र्याचा चौकोनी ओव्हन व्हरांड्यात ठेवलेला असे, कारण काकू तो आत येऊ देत नसत. "तव्यावर चरबी अंगावर उडते," काका सांगायचे. "माळेवर शिंतोडा नको. ओव्हनमध्ये तिचं ती बघून घेते." दिल्लीहून बर्फात येणारी पाकिटं सदर बाजारातून आणायची, ओव्हन गार असतानाच पट्ट्या जाळीवर मांडायच्या, एकीला दुसरीचा धक्का लागता कामा नये, जाळीखाली ट्रे, आणि मग बटण. मधे एकदा पालटायच्या. किती मिनिटं, असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते खो खो हसले. "झाशीची वीज घड्याळाचं ऐकते का रे? आत्ता बल्ब बघ, कंदील झालाय. मिनिटं मोजणारा उपाशी राहतो."

मग स्टुलावर बसून, डोळे मिटून, ओव्हनकडे कान लावून ऐकायचे. आधी नुसती चुरचुर, पट्टीतलं पाणी बोलतं. मग तडतड, ती चरबी. मग तडतड विरळ होत जाते, एखादं उशिरा आलेलं 'टच', आणि गप्प. त्या गप्प होण्याच्या जरा आधी दार उघडायचं. "कडक ती आत होत नाही, बाहेर आल्यावर होते. पापडासारखं. पापड निखाऱ्यावर कडक होईपर्यंत ठेवलास तर काय मिळतं? कोळसा." शेवटी एक पट्टी चिमट्यानं कानाजवळ धरून मोडायचे. 'कट्' असा कोरडा आवाज आला की डबा भरायचा, सायकलला लावायचा आणि निघायचं.

चाखणाऱ्यांबद्दल त्यांचं मत चांगलं नव्हतं. "जिभेला घाई असते, बाबू. कानाला नसते."

घरात शिस्त कडक होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या दोन बाजूंना दोन खिळे होते. निरोपाच्या वेळी मेसमधून मिळालेल्या दोन पळ्या तिथं टांगलेल्या असत, दोन्ही एकाच साच्यातल्या. डावीकडच्या पळीच्या दांड्याला लाल दोरा बांधला होता. ट्रेमधली सुटलेली चरबी तिनं काढून बरणीत भरायची. उजवीकडची घरची, आमटी-भाजीची. दोन्ही काका स्वतः घासत आणि स्वतः टांगत. दोऱ्याकडे कुणी बघतही नसे. खिळा बघायचा, पळी घ्यायची.

तीन वर्षांत मी त्यांच्या हाताखाली बरंच शिकलो. निदान मला तसं वाटत होतं. त्या वर्षी नाताळच्या आधीच्या रविवारी काका डबे पोचवायला गेलेले असताना एक ट्रे मी एकट्यानं केला. मधेच एक पट्टी तोंडात टाकली, खारट, गरम, मस्त लागली, आणि मी लगेच ओव्हन बंद केला. तो डबा गेला आंटींकडे. आंटी म्हणजे रेल्वे कॉलनीतल्या एका अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हरच्या विधवा. तासाभरात त्या रिक्षा करून डब्यासकट दारात हजर.

"मेसवाले, ये किसने बनाया? चमड़ा है, चमड़ा! मेरे दाँत असली नहीं हैं, मालूम है ना?"

काकांनी एक पट्टी उचलून वाकवली. ती मोडली नाही, लोंबली. "बाबू ने बनाया, मेमसाब. जीभ तेज है इसकी, कान अभी कच्चे हैं."

आंटी हसल्या, शेजारचे हसले, काकूसुद्धा पदराआड हसल्या. मीही हसलो. पण ते मला लागलं. ज्या माणसाला चव म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यानं माझ्या जिभेवर चारचौघांत हसावं? पुढं कित्येक वर्षं मी मनाशी असं मांडत आलो, की जे केलं ते प्रेमापोटी केलं. ज्या पदार्थाला या माणसानं जन्म दिला त्याची चव त्याला एकदा तरी कळावी म्हणून केलं. ते खरं नाही. मी चिडलो होतो.

संक्रांतीच्या सुमारास काकू शेजारणीच्या मुलीच्या लग्नाला मऊरानीपूरला गेल्या. रविवार होता. काका सायकलवरून डबे द्यायला गेले आणि मी म्हणालो, जेवण मी करतो. बटाट्याच्या काचऱ्या केल्या. डावीकडची पळी काढली, बरणीतली चरबी पळीभर घेऊन कढईत सोडली, वर हिंग, मोहरी, हळद. हात थरथरला वगैरे काही नाही. चांगला स्थिर होता.

काका आले, हात-पाय धुऊन पाटावर बसले. पहिला घास घेतला आणि भुवया वर गेल्या. "बाबू, आज बटाट्याला काय केलंस रे? काय कुरकुरीत झालेत! काकू आली की शिकव तिला." दुसऱ्यांदा मागून घेतले. बोटं चाटली. मी समोर बसून बघत होतो, आणि जिंकल्यासारखं काही वाटत नव्हतं.

आपलं ताट आपण घासायचं ही फौजेतली सवय. त्या दिवशी त्यांनी कढईही ओढून घेतली. जानेवारीची थंडी होती. कढईच्या कडेला पांढरा थर धरला होता. शेंगदाण्याचं तेल असं धरत नाही आणि तूप त्या घरात फोडणीला पडत नसे. काकांनी बोटानं थर खरवडला, नाकाशी नेला. मग कढईतली पळी उचलली. दांड्याला लाल दोरा होता.

त्यांनी तो दोरा अंगठ्यानं चोळून पाहिला. मग अगदी शांतपणे विचारलं, "बाबू, ही पळी कुठल्या खिळ्यावरून घेतलीस?"

मी म्हणालो, "उजव्या."

एवढाच एक शब्द. जे मला आज कबूल करायचंय ते हेच. चरबी घातली हा आचरटपणा होता, तरुणपणी माणूस आचरटपणा करतो. पण तो शब्द मी विचार करून बोललो.

त्यांनी मान हलवली. "तू खिळा बघितलास. बरोबर केलंस. घरात सगळे खिळाच बघतात." मग स्वतःचा उजवा हात समोर धरून पाहिला. "टांगणारा मी." पळीला चिकटून राहिलेल्या चरबीचा एवढा थर कढईला कसा धरेल, हे त्यांनी विचारलं असतं, किंवा मान वळवून उजव्या खिळ्यावर जागच्या जागी असलेली दुसरी पळी पाहिली असती, तर मी सापडलो असतो. इतका जाणता आचारी, पण त्यांनी ना विचारलं, ना पाहिलं. माझ्यावर शंका घेण्याआधी त्यांनी स्वतःवर घेतली आणि तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवशी काकू परतल्या, सगळं ऐकलं. "नकळत झालेल्याचा दोष नसतो हो," त्या म्हणाल्या.

"नकळत तुझ्या हातून झालं असतं तर गोष्ट वेगळी. आचाऱ्याच्या हातून नकळत काही होत नसतं."

"मग दुसरी माळ घाला."

"घालणार कोण? माळ माळकऱ्यानं घालायची. झाशीत आहे का कुणी आपल्यातलं? आई असती तर गेलो असतो तिच्याकडे, थोबाडीत खाल्ली असती."

त्याच दुपारी टेम्पोनं ओरछ्याला निघाले. मला म्हणाले, "चल, सोबत हवी." बेतवा नदीच्या पाण्यात गुडघाभर उतरून त्यांनी माळ काढली. मणी झिजून काळे, गुळगुळीत झाले होते. ओंजळीत धरून पाण्याखाली नेली आणि हात उघडले. तुळशीचं लाकूड हलकं. माळ बुडाली नाही, तरंगत जरा वेळ खडकाशी घुटमळली आणि मग प्रवाहाला लागली. ती दिसत होती तोवर मला वेळ होता. मी म्हणालो, "काका, पाणी गार आहे, बाहेर या."

त्यानंतर त्यांनी ओव्हन लावला नाही. "ज्या हाताला आपली पळी ओळखू येत नाही, त्यानं लोकांच्या घरी डबे पाठवू नयेत." ओव्हनवर काकूंनी जुनी चादर घातली. आंटी दोन-तीनदा येऊन गेल्या. "मेसवाले, मेरा संडे सूना कर दिया तुमने." काका हात जोडून म्हणायचे, "अब कान साथ नहीं देते, मेमसाब." कान शाबूत होते. गल्लीच्या तोंडाशी माझ्या चपलांचा आवाज झाला की आतून हाक यायची, "बाबू आला, ताट घे."

पुढच्या वर्षी माझी बदली भुसावळला झाली. स्टेशनवर काका पोचवायला आले. वर्तमानपत्रात गुंडाळलेली ओव्हनची जाळी माझ्या हातात दिली. "मला आता काय करायची? तू करत जा. कानानं कर." गाडी हलली. मी दारात उभा राहून हात हलवत राहिलो.

ती जाळी आज पुण्यातल्या माझ्या ओव्हनमध्ये आहे. रविवारी मी पट्ट्या मांडतो, मुलगी फोनवर वीसेक मिनिटांचा गजर लावते आणि मी तो बंद करतो. स्टुलावर बसून ऐकतो. शेवटचं 'टच' झालं की दार उघडतो. चांगल्या होतात. मी खातो. न खाण्याचं नाटक मला जमलेलं नाही.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी गेलो नाही. त्यानंतर चार महिन्यांनी ऑफिसच्या कामाला झाशीला जायचं निघालं, तेव्हा मात्र पाय तिकडे वळले. काकू वाकल्या होत्या. मी पाण्याचा तांब्याही खाली न ठेवता सगळं सांगून टाकलं. आंटींचा डबा, बरणी, पळी, तो शब्द.

काकूंनी माझ्या हातातला तांब्या काढून घेतला. मग म्हणाल्या, "उजव्या म्हणालास ना?"

"हो."

"आणि होती डावीकडे."

"हो."

"त्या दिवसापासून जेवायला बसले की आधी पळी मागायचे, तू पानावर असलास तरच नाही. हुंगायचे. मग घास घ्यायचे. अठरा वर्षं, बाबू. माझ्या हातच्या आमटीची पळी, माझ्यासमोर. मला वाटायचं, म्हातारपणी डोकं फिरलंय. एकदा भांडलेसुद्धा मी. म्हणाले, तुझ्यावर नाही गं, माझा माझ्यावर भरवसा नाही."

मी उठलो.

"बस," त्या म्हणाल्या. "जेवल्याशिवाय या घरातून गेलायस का कधी?"

आत जाऊन त्यांनी बटाट्याच्या काचऱ्या केल्या. मी पाटावर बसून फोडणीची चुरचुर ऐकत होतो. दाराच्या दोन्ही बाजूंचे खिळे तसेच होते, डावा रिकामा. काकू कढई घेऊन आल्या. वाढण्याआधी पळी माझ्या नाकासमोर धरली.

"हुंग."

मी हुंगली. हिंग होता, मोहरी होती.

"ठीक आहे?"

मी मान हलवली. मग त्यांनी वाढलं.