मेश्राम सरांची तुटक रेष

मेश्राम सरांना घरचा पत्ता विचारला की ते सांगत, "हडपसरपर्यंत या. तिथून दुसरी बस धरा. जिथे पाटी आहे आणि स्टेशन नाही, तिथे उतरा. समोर आमची बिल्डिंग. ती मात्र खरी आहे." विचारणाऱ्याला वाटायचं, म्हातारा खवचट आहे. पण मी स्वतः जाऊन पाहिलं, पाटी खरंच होती. तिच्यावर 'नियोजित मेट्रो स्थानक' असं लिहिलेलं होतं, आणि उन्हापावसानं त्यातला 'नियोजित' हा शब्द तेवढा उडाला होता.

सर आणि मी एकाच ऑफिसात होतो. रस्ते, पूल, मेट्रो यांचे आराखडे करून देणारी ही एक खासगी सल्लागार कंपनी, येरवड्याच्या बाजूला. सर तिथले सगळ्यात जुने ड्राफ्ट्समन. कॉम्प्युटरवर काम करू लागून त्यांना जमाना झाला होता, तरी टेबलाच्या खणात ट्रेसिंग पेपर, शाईची पेनं आणि एका रिकाम्या काडेपेटीत दाढीचं अर्धं ब्लेड असायचंच. पूर्वी शाईची रेष चुकली की ती ब्लेडनं अलगद खरवडून काढत. कुणी पांढरी शाई वापरली की सर चिडायचे. "चूक खरवडायची असते, पवार. झाकायला ती काय महापालिकेचा खड्डा आहे?"

मी नोकरीला लागलो त्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून शिकवणी घेतली. ती पाच मिनिटांत संपली. "हे बघा, जे आहे ते सलग रेषेनं काढायचं. जे व्हायचं आहे ते तुटक रेषेनं. आणि जे होणार असं नुसतं पुढारी सांगतात, ते खरं तर काढायचंच नाही. पण आपला पगार त्याच्यावरच निघतो, म्हणून तेही तुटक." एवढं बोलून ते खिडकीकडे वळले. आमच्या खिडकीतून तुरुंगाची लांबच लांब भिंत दिसायची. "जागा चांगली मिळालीय आपल्याला. ज्यांनी पलीकडे असायला पाहिजे त्यांचे नकाशे आपण अलीकडे बसून काढतो."

सर मूळचे भंडाऱ्याकडचे. तिकडची माणसं मोकळी, भरभरून बोलणारी असं मी ऐकलं होतं, पण सरांनी पुण्यात येऊन पहिली गोष्ट घेतली असेल तर ती इथला टोमणा, आणि तो आमच्यासारख्या जन्मापासूनच्या पुणेकरांना शरमेनं मान खाली घालायला लावेल इतका साफसुथरा. सगळ्यांना 'आपण' म्हणत आणि त्या 'आपण'मध्येच समोरच्याची खरडपट्टी काढत.

हडपसरच्या पुढे जाणारी ती रेष आमच्या ऑफिसात किती वर्षं होती, ते मला नक्की सांगता येणार नाही. मी आलो तेव्हा ती जलद बसची होती. मग ती मोनोरेलची झाली, मग मेट्रोची, मग कुणीतरी परदेश बघून आला आणि ती हलक्या मेट्रोची झाली. दर निवडणुकीला फाइल वर यायची, नवा अहवाल व्हायचा आणि निकाल लागला की फाइल खाली जायची. रेष तीच असायची. सर फक्त कोपऱ्यातल्या चौकटीतलं नाव बदलायचे. "नवरी तीच आहे," ते म्हणायचे, "वऱ्हाड नवीन." शहराच्या दुसऱ्या भागांत मेट्रो खरोखर धावायला लागली तेव्हा आम्ही पेढे वाटले. सरांनी त्या मार्गांची तुटक रेष नकाशावर स्वतःच्या हातानं सलग केली. आमच्या रेषेपाशी येऊन माउस थांबला. तिथल्या भूमिपूजनाला इतके नारळ फुटले होते की एव्हाना बाग व्हायला हवी होती, असं ते म्हणाले आणि जेवायला गेले.

प्रचाराला घरी येणाऱ्या उमेदवारांना ते चहा द्यायचे आणि विचारायचे, आपण कसे आलात? उमेदवार म्हणायचा, गाडीनं. सर म्हणायचे, मग बरोबर आहे, आपल्याला मेट्रोची घाई असायचं कारण नाही. एकानं चिडून सांगितलं की काका, तुमच्यासारख्या निराश लोकांमुळेच विकास अडतो. सरांनी त्याला दुसरा कप चहा दिला आणि परत जाताना बसनं जावं, म्हणजे निराशेचं उगमस्थान बघायला मिळेल, असं सुचवलं.

आता हे सगळं ऐकून आम्ही ऑफिसातले लोक खूश असायचो. आमचंही मत तेच होतं. सगळे चोर आहेत, मत देऊन काय उपयोग, असं डबा खाता खाता म्हणायचं आणि मतदानाची सुट्टी जोडून लोणावळ्याला जायचं, ही आमची राजकीय जागृती. एकदा मी सरांसमोर तेच वाक्य टाकलं. त्यांनी पोळीचा घास तसाच हातात धरला. "सगळेच चोर म्हटलं की बरं असतं, पवार. मग कुणा एकाला पकडावं लागत नाही." सर प्रत्येक निवडणुकीत मत द्यायचे. कुणाला, ते सांगायचे नाहीत. त्यांनी आमची अशी हजेरी घेतली की मला राग यायचा. त्यांना हसू येतं ते पुढाऱ्यांवर यावं, आमच्यावर कशाला, असं वाटायचं.

सरांच्या बोलण्यातलं विष कुठून येतं, ते मला बऱ्याच वर्षांनी कळलं. सुनंदावहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, कर्वेनगरला एका शाळेत शिकवायच्या. मी कर्वेनगरलाच राहतो. एका संध्याकाळी त्या मला बसथांब्यावर दिसल्या. मी भाजी घेऊन घरी गेलो, चहा प्यालो, मुलाला क्लासला सोडून परत आलो, तर त्या तिथेच, त्याच खांबाला पाठ लावून उभ्या. एका हातात तपासायच्या वह्यांची पिशवी, दुसरा हात गुडघ्यावर. दुसऱ्या दिवशी मी सरांना सहज म्हटलं, एवढ्या लांब घर कशाला घेतलंत?

त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग खणातून एक जुनं, घडीवर फाटलेलं पत्रक काढलं. बिल्डरचं होतं. वर हिरवीगार बाग, हसणारं कुटुंब, खाली नकाशा. 'नियोजित' वगैरे काही नाही, 'मेट्रो स्थानक पाच मिनिटांवर'. नकाशावर जाड, सलग, निळी रेष.

"ही माझी," सर म्हणाले. "तेव्हाच्या साहेबांनी सांगितलं, सलग करा, चांगली दिसते. मी केली. सहा महिन्यांनी हे पत्रक हातात आलं. सुनंदानं विचारलं, येईल ना हो मेट्रो? मला माहीत होतं, पवार. पैसे नाहीत, मंजुरी नाही, जमीन नाही, सगळं माहीत होतं. पण छापलेली रेष बघितली, आणि मी म्हणालो, हाओ."

त्यांच्या तोंडून गावाकडचा हा होकार मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. त्यांनी पत्रकाची घडी केली. "पाच मिनिटं कुणाची, ते यात लिहिलेलं नव्हतं. तिच्यासाठी त्याचे रोज पाच तास झाले. ती मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं." एवढं सांगून त्यांनी मला एका पुलाच्या कठड्याचं माप विचारलं आणि विषय संपवला.

आता माझी गोष्ट. ती टाळता आली असती तर मी टाळली असती.

सर निवृत्त झाले होते, पण दर वर्षी मुदतवाढ देऊन साहेबांनी त्यांना ठेवलं होतं. यंदा निवडणूक लागली आणि एका उमेदवाराची विकासपुस्तिका आमच्याकडे नकाशासाठी आली. रेष तीच. सरांनी नेहमीप्रमाणे तुटक काढून दिली. साहेब बाहेर आले. तुटक रेष मतदाराला कमकुवत वाटते, असं वरून कळवलंय म्हणाले. सलग करा, शेवटी कधीतरी होणारच आहे.

सरांनी चष्मा काढला. "साहेब, तुटक रेष बघून लोक वाट बघतात. सलग रेष बघून घर घेतात. मी नाही करणार."

साहेब भांडले नाहीत. मुदतवाढीचं मग आपण नंतर बघू, एवढंच म्हणाले आणि माझ्याकडे वळले. माझ्या घराचे हप्ते, मुलाचा क्लास, आईची औषधं, ही सगळी कारणं मी इथे मांडू शकतो. त्या क्षणी मला त्यातलं एकही आठवलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं आणि मी केलं, इतकंच. पूर्वी शाईत अर्धा दिवस लागला असता. मला एक क्लिक लागलं.

सर आपली पट्टी, पेनं आणि काडेपेटी पिशवीत भरत होते. निघताना माझ्या खुर्चीमागे थांबले. मला वाटलं, आता ऐकवणार. मी ऐकायला तयार होतो, खरं तर मला ते हवंच होतं. त्यांनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पवार, हडपसरचं वळण थोडं ओढलं गेलंय. तेवढं नीट करा." मी वळण नीट केलं. वर बघितलं तोवर ते दारातून गेले होते. नंतर मी त्यांना फोन केला नाही. उद्या करू, उद्या करू असं म्हणण्यात महिना गेला. आमच्या पुढाऱ्यांना मी कोणत्या तोंडानं हसत होतो कोण जाणे.

आणि एका सकाळी ऑफिसात निरोप आला की मेश्राम सर गेले. हृदयविकार. पेपर वाचता वाचताच गेले म्हणे.

पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मी बसनं गेलो. गाडी काढावी असं वाटलंच नाही. कर्वेनगरहून निघालो, हडपसरला उतरलो, दुसऱ्या बसची वाट बघितली, आणि पोचलो तेव्हा बुद्धवंदना संपून माणसं पांगली होती. वहिनींनी घड्याळाकडे पाहिलं आणि बसनं आलात वाटतं, म्हणाल्या. मी हो म्हटलं. त्यांनी मला पाणी दिलं आणि आतल्या खोलीत बोलावलं.

खिडकीपाशी सरांचं टेबल होतं. त्याच्यावर विकासपुस्तिकांचा गठ्ठा, शेजारी पट्टी आणि ती काडेपेटी. वहिनींनी सांगितलं ते असं. हा गठ्ठा बिल्डिंगमध्ये वाटायला वॉचमनकडे आला होता. त्याच दिवशी खालच्या मजल्यावरची भाड्यानं राहणारी मुलगी वहिनींना विचारायला आली. तिची नोकरी कर्वेनगरच्या कॉलेजात. समोरच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅट बुक करायचा म्हणत होती. तिनं पुस्तिका पुढे केली आणि विचारलं, काकू, मेट्रो येणार ना? हे आतून ऐकत होते. बाहेर आले, तिच्या हातातली पुस्तिका मागून घेतली, मग खाली जाऊन वॉचमनला म्हणाले, बाकीच्या मी वाटतो. आणि त्या दिवसापासून रोज दुपारी इथे बसले.

मी वरची पुस्तिका उघडली. गुळगुळीत कागदावरची ती जाड रेष सरांनी ब्लेडनं खरवडली होती. पट्टी लावून, सारख्या अंतरावर, एकेक फट. कागद कुठेही फाटला नव्हता. हडपसरपासून शेवटच्या स्थानकापर्यंत रेष तुटक झाली होती.

"त्या मुलीनं फ्लॅट घेतला का?" मी विचारलं.

"नाही. कॉलेजजवळ खोली बघतेय." वहिनी पलंगाच्या कडेला टेकल्या. गुडघा आता वाकत नव्हता. "पन्नासेक वाटून झाल्या. लोक हसले ह्यांना. काही म्हणाले, डोकं फिरलंय म्हाताऱ्याचं. मी म्हटलं, कशाला करता, माझं जायचं ते आयुष्य गेलं. तर म्हणाले, तुझं मी घालवलं, हिचं तरी नको."

मी गठ्ठ्याखालची एक पुस्तिका काढली. ती अजून कोरीच होती, न खरवडलेली. रेष सलग, निळी, माझी. वहिनी माझ्याकडे बघत होत्या.

"ही तुम्ही काढली ना, पवार भाऊ? हे म्हणाले होते मला. रेष पवारांची आहे, वळण माझं आहे."

"हो," मी म्हणालो.

त्या रागावल्या नाहीत. रागावणं त्यांच्या घरात बहुतेक सरांकडेच सोपवलेलं होतं. त्यांनी कोऱ्या पुस्तिका वेगळ्या केल्या, पट्टी त्यांच्यावर ठेवली आणि काडेपेटी माझ्यापुढे सरकवली.

"मतदान गुरुवारी आहे. एवढ्या राहिल्यात."

माझा हात सरांसारखा नाही. पहिल्याच पुस्तिकेचा कागद दोन ठिकाणी फाटला. तिसऱ्यापासून जमायला लागलं. वहिनींनी मध्ये एकदा चहा आणून ठेवला आणि परतीची बस साडेपाचला असते असं सांगितलं. साडेपाच वाजले तेव्हा माझ्या नऊ झाल्या होत्या. मी दहावी उघडली.